पावणेतीनशे गोष्टी आणि एक वही

शंकेखोर : पावणेतीनशे गोष्टी ऐकून काढल्यास, हे मी एक वेळ समजू शकतो भो. माणसाला नाद लागतो. कुणाला कबुतरांचा, कुणाला शेअरबाजाराचा. पण एकेका गोष्टीपुढे दहापैकी गुण मांडून ठेवलेस, ते काही माझ्या घशाखाली उतरत नाही. आपल्याकडे एखादा ग्रंथ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचा, तर त्याला पारायण म्हणतात. माझी आई श्रावणात शिवलीलामृत लावायची. चौदा अध्याय. पोथी बांधून ठेवताना ती कधी म्हणाली नाही की सातवा जरा पातळ झालाय, साडेपाचच्या वर देता येत नाही. पारायण करणारा परीक्षण करत नाही, आणि परीक्षण करणाऱ्याला पारायण परवडत नाही. तो चार पानं चाळून मत देतो. तू दोन्ही एकदम करून राहिला. एका हातात जपमाळ, दुसऱ्या हातात तांबडी पेन्सिल. यातलं खरं कोणतं?

श्रोता : तुमच्या आईंचंच घ्या ना आप्पा. श्रावण संपल्यावर रोज सांजेला दिवा लावून त्या कोणता अध्याय वाचत? अकरावाच ना? माझ्या आजीला तर तो तोंडपाठ होता. चौदांतला अकरावाच का? बाकीच्या तेरांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? कुणी तरी केव्हा तरी सगळे ऐकले आणि ठरवलं की रोजच्याला हा. गुण लिहिले नाहीत, एवढंच. गीतरामायणाचं बघा. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी छप्पन्न गीतं झाली. आज गणपतीत, रामनवमीला स्पीकरवर ऐकू येतात ती किती? दहा-बारा, फार तर पंधरा. उरलेल्या चाळीसांना कुणी नापास केलं, केव्हा केलं, कशासाठी केलं, काही पत्ता लागत नाही. वही नसली म्हणजे निकाल लागत नाही असं थोडंच आहे? माझ्या वहीत नापास झालेल्याचं नाव तरी शिल्लक राहतं. तारीख राहते. का नापास केलं तेही दोन ओळींत लिहिलेलं असतं.

शंकेखोर : अकरावा अध्याय लोक फळासाठी वाचतात, गोडीसाठी नाही. त्यात रुद्राचं माहात्म्य आहे. आणि ती निवड पिढ्यान्‌पिढ्यांनी केली, तू एका सांजेत करतोस. ते राहू दे. आधी मला नीट सांग, तू ऐकलंस काय? आमच्या वेळी श्रुतिका म्हणजे अर्धा तास. रात्री रेडिओ लावला, ऐकली, विसरलो. पावणेतीनशे श्रुतिका म्हणजे काय प्रकरण आहे?

श्रोता : मूळ ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची टीव्ही मालिका. २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. स्वतःला डॉक्टर म्हणवणारा एक परग्रहावरचा भटक्या, निळ्या पोलीस-खोक्यात बसून काळात मागे-पुढे हिंडतो. मरायला टेकला की त्याचा देह आणि स्वभाव दोन्ही पालटतात, म्हणून नट बदलला तरी मालिका चालू राहते. १९८९ ला ती बंद पडली. १९९६ मध्ये एका टीव्हीवरच्या चित्रपटापुरती उठली आणि पुन्हा आडवी झाली. त्या ओसाड काळात बिग फिनिश नावाच्या एका छोट्या कंपनीनं परवानगी काढली आणि जुलै १९९९ मध्ये पहिली ध्वनिनाटिका सीडीवर आणली, ‘द सायरन्स ऑफ टाइम’. पडद्यावरून उतरलेले तीन डॉक्टर तिच्यात एकत्र : पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर, सिल्व्हेस्टर मॅकॉय. मग साधारण महिन्याला एक, असं करत करत मार्च २०२१ मध्ये २७५ व्या नाटिकेवर ही मुख्य माळ थांबली. कंपनी थांबलेली नाही, तिच्या दुसऱ्या माळा चालूच आहेत. त्यांच्या वाटेला मी गेलो नाही, संसार आहे मला.

बहुतेक नाटिका चार भागांच्या. एक भाग पंचवीस-तीस मिनिटांचा. माझा ठिबकच्या सामानाचा धंदा, आठवड्यातून दोनदा जळगाव-धुळे. पहिला भाग एरंडोलच्या आसपास संपतो, दुसरा पारोळ्याला, तिसरा मुकटीला, आणि चौथ्याच्या शेवटी फागणं मागे टाकून मी धुळ्यात शिरतो. प्रत्येक भाग संपताना कुणाच्या तरी गळ्याशी आलेलं असतं, आणि माझ्यापुढे दोन्ही बाजूंनी फुगलेला कापसाचा ट्रॅक्टर. ओव्हरटेक करू की ऐकू? असे साडेपाचशे तास झाले.

शंकेखोर : आणि धुळ्यात गाडी लावली की वही काढून आकडा. आता माझं ऐक. मी दहावीचे गठ्ठे तपासलेत, वर्षानुवर्षं. मे महिना, पंखा गरम हवा फेकतोय, पुढ्यात मुलांचं आयुष्य. पहिले दहा पेपर माणूस कडक तपासतो, कारण त्याला वाटत असतं की आपण न्यायाधीश आहोत. पंचविसाव्या पेपराला कळतं की सगळीच पोरं असंच लिहिताहेत, मग हात सैल पडतो. एखादा झकास पेपर हाताखालून गेला की त्याच्या मागचा बिचारा विनाकारण दोन गुणांनी मरतो. जेवायच्या आधीचे पेपर आणि जेवणानंतरचे पेपर, यांत फरक पडतो. म्हणून तर मॉडरेटर ठेवतात. तोही माणूसच, पण निदान दुसरा माणूस. तुझा मॉडरेटर कोण? तुझ्या वहीतला सात हा नाटिकेचा सात आहे, का पारोळ्याला चहा बरा मिळाला त्याचा सात आहे?

श्रोता : चहाचा असेलही. खोटं कशाला बोलू? पहिल्या नाटिकेला मी चार दिले होते. पुढे शंभरी ओलांडल्यावर ती पुन्हा लावली, तर सात वाटले. नाटिका तीच, बदलले ते माझे कान. पहिल्या वेळी निम्मी इंग्रजी डोक्यावरून गेली होती. ते लोक शब्द गिळतात, कुजबुजतात, एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. आपलं इंग्रजी म्हणजे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून आलेलं. चार गुण मी त्यांना दिले नव्हते, स्वतःला दिले होते. एका नाटिकेपुढे तर आकडाच नाही, नुसतं ‘झोप’ लिहिलंय, तीन तारखांना तीनदा. ती आजवर शेवटापर्यंत ऐकता आली नाही. पण वही नसती तर हे मला कळलं असतं का? मी आपला ‘पहिल्या काही खास नव्हत्या’ म्हणत राहिलो असतो, आणि ते सगळ्यांना खरं वाटलं असतं.

ठिबक बसवून दिल्यावर आम्ही काय करतो माहीत आहे? पहिल्या ड्रिपरखाली, मधल्याखाली आणि पार टोकाच्या ड्रिपरखाली एकेक भांडं ठेवतो, घड्याळ लावतो आणि पाणी मोजतो. टोकाच्या भांड्यात कमी पाणी पडलं म्हणून ते पाणी वाईट ठरत नाही. दाब कुठं कमी पडतो, क्षार कुठं साचलेत, लॅटरल नळी कुठं चोक झालीय, ते कळतं. माझे आकडे तसे आहेत. कधी नाटिकेतच दाब नसतो. कधी नळी स्वच्छ असते आणि चोक माझ्या कानात असतो.

शंकेखोर : उपमा झकास. पण पाणी लिटरात मोजतात. रस कशात मोजणार? लिटर मुंबईत, पॅरिसला, मेहरूणच्या तळ्यावर एकच. तुझा सात तुझ्याच परवाच्या सातशी जुळत नाही, हे आत्ताच कबूल केलंस. ज्याच्या खुणा रोज सरकतात ते मापटं घेऊन बाजारात बसलास तर लोक बडवतील.

आणि दुसरं. मला विज्ञानकथेबद्दलच शंका आहे. म्हणजे कानानं ऐकायच्या विज्ञानकथेबद्दल. मी स्वतः एका रेडिओ केंद्रावर श्रुतिकांत कामं केलीत. नाव सांगत नाही. घरगुती श्रुतिका सोपी. कपबशी वाजली की स्वयंपाकघर, रिक्षाचा हॉर्न वाजला की रस्ता; ऐकणाऱ्याला ते घर आधीच ठाऊक असतं. पण यान उतरलं, तीन डोळ्यांचा प्राणी आला, आकाश जांभळं झालं, हे कसं दाखवणार? मग पात्राला बोलावं लागतं, ‘अरे बापरे, तो बघ तीन डोळ्यांचा प्राणी आपल्याकडेच येतोय!’ असं कोण बोलतं? वाघ समोर आला की माणूस त्याचं वर्णन करतो का?

एका श्रुतिकेत मी यंत्रमानव होतो. पंधरा किलोचा शेंगदाणा तेलाचा रिकामा डबा, वरचा पत्रा कापून काढलेला, कडा गालाला लागू नये म्हणून फडकं गुंडाळलेलं. त्यात तोंड घालून बोलायचं. आतला खवट वास नाकात भरायचा आणि बोललेला शब्द बाहेर जायच्या आधी माझ्याच कानावर आपटायचा. बाहेर ते किती भयंकर वाटतंय, याची आम्हाला फार ऐट. आणि संवाद काय, तर ‘मी यंत्रमानव आहे. मला भावना नाहीत.’ ज्याला भावना नाहीत तो ते सांगत कशाला बसेल? पण माईकला डोळे नव्हते, म्हणून सांगावं लागायचं.

श्रोता : हा दोष यांच्याकडेही आहे. सुरुवातीच्या पन्नासेक नाटिकांत ‘तो बघ’ जागोजागी येतं. माझ्या वहीत त्याला ‘तोबघ’ अशी एका शब्दाची खूणच आहे. तीन तोबघ झाले की एक गुण गेला.

पण ज्यांना कळलं त्यांनी काय केलं बघा. २००३ ची ‘स्कर्झो’, रॉब शिअरमन यांची. दोनच पात्रं, डॉक्टर आणि त्याची सोबतीण चार्ली. दोघं अशा जागी अडकलीत की प्रकाश इतका प्रखर, डोळ्यांचा उपयोगच नाही. आपल्याला दिसत नाही, त्यांनाही दिसत नाही. आपल्याला जेवढं ऐकू येतं तेवढंच त्यांना येतं. ‘तो बघ’ म्हणायची सोयच लेखकानं काढून घेतली. तिथं जे काही सजीव आहे ते आवाजातूनच घडत जातं. हे पडद्यावर करता आलं असतं का? आणि छापलेल्या पानावर?

दुसरी, मार्क प्लॅट यांची २००२ ची ‘स्पेअर पार्ट्स’. डॉक्टरचे जुने शत्रू आहेत सायबरमन, एकेक अवयव काढून त्या जागी यंत्र बसवत गेलेली माणसं. त्यांची सुरुवात कशी झाली याची ही गोष्ट. जमिनीखालचं शहर, सगळ्याची टंचाई, आणि एक साधंसं घर : बाप, मुलगा, छातीच्या दुखण्यानं खंगलेली मुलगी. मुलीला कामावर हजर व्हायचा हुकूम येतो, आणि तिचं रूपांतर करतात. पण ते अर्धवटच होतं, आणि तशीच ती घरी चालत येते. आता विचार करा आप्पा. बापाला समोर लोखंड दिसतंय. आपल्याला लोखंड दिसत नाही, आवाज ऐकू येतो. आवाज यंत्राचा आहे आणि त्यात घर ओळखल्याचा हेल आहे. पडद्यावर आपण आधी लोखंड पाहिलं असतं आणि मग मुलगी शोधली असती. इथं बापाच्या आधी आपण तिला ओळखतो. मुकटीच्या अलीकडे मी गाडी कडेला घेतली. ट्रकवाले हॉर्न मारत गेले. नऊ दिले. दहा का नाही, ते आजही सांगता येत नाही.

शंकेखोर : डबा चुकीच्या कामाला लावला म्हणायचा आम्ही.

श्रोता : तुमचा डबा त्यांच्याच जातीचा. डॉक्टरच्या त्या काळयानाचा घरघरता, खरवडल्यासारखा आवाज कशातून काढला माहीत आहे? बीबीसीच्या ध्वनी-कार्यशाळेत ब्रायन हॉजसन यांनी जुन्या पियानोच्या जाड तारांवरून घराची किल्ली ओढली, ते टेप केलं आणि मग त्या टेपवर कारागिरी केली. साठ वर्षं झाली, तोच आवाज चालू आहे. डॅलेक नावाच्या शत्रूंचा आवाज रिंग मॉड्युलेटर नावाच्या उपकरणातून काढतात, आणि तो काढणारे निकोलस ब्रिग्ज यांनीच बिग फिनिशची ती पहिली नाटिका लिहिली आहे. म्हणजे डब्यात तोंड घालणाऱ्यानं संहिताही लिहिली.

शंकेखोर : किल्ली... हे आम्हाला सुचायला हवं होतं. घोड्याच्या टापांना करवंट्या, जाळाला सेलोफेनचा कागद, गडगडाटाला पत्रा. किल्ली खिशातच होती.

तरीही एक सल राहतोच. त्या मुलीसाठी तू गाडी थांबवलीस, पण ती साहेबाच्या भाषेत घरी आली. अहिराणीत येती, लेवा बोलीत येती, तर? तुझे साडेपाचशे तास तिकडे गेले. तुझ्यासारख्या शंभर जणांनी इथं कान दिले असते, तर इथंही कुणी लिहिलं असतं.

श्रोता : इथं काहीच नाही असं नाही. १९९१ पासून आकाशवाणीनं राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषदेबरोबर ‘मानव का विकास’ ही १४४ भागांची मालिका अठरा भाषांतून केली. कल्पित नव्हती, उत्क्रांतीची होती, पण १४४ आठवडे लोकांना रेडिओशी बसवायचं म्हणजे गंमत नाही. अलीकडे स्टोरीटेलवर ‘व्हायरस पुणे’ आली. मूळ स्वीडिश, घडलेली स्टॉकहोममध्ये. मराठीत येताना पुण्यात आली. आणि लेखकांचं म्हणाल तर नारळीकर, फोंडके, लोंढे, घाटे, जावडेकर. पुस्तकांचं कपाट भरलेलं आहे. कपाटातून कानात यायचं राहिलं. पण ते माझ्या ऐकण्यामुळे अडलंय, हे नाही पटत मला. मी हे ऐकलं म्हणून तर मराठीत काय नाही ते मला दिसलं.

शंकेखोर : नारळीकरांचं नाव काढलंस ते बरं झालं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःच्या नावाची अद्याक्षरं उलटी केलेली. अक्षर कुणी ओळखू नये म्हणून ती पत्नीच्या हस्ताक्षरात पाठवली. का? परीक्षकांनी जयंत नारळीकरांना गुण देऊ नयेत, कथेला द्यावेत म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं, त्याला म्हणूनच अर्थ होता. गुण द्यायचे तर अशी अट हवी. आता प्रामाणिकपणे सांग, तू नावं झाकतोस? ऐकायच्या आधी कव्हर बघत नाहीस? कोणती थोर आणि कोणती टाकाऊ, हे जगानं तुला आधीच सांगितलेलं नसतं?

श्रोता : सांगितलेलं असतं. शिअरमन यांचीच ‘द चाइम्स ऑफ मिडनाइट’ आहे. नाताळच्या आदल्या रात्रीचं एक घर, घड्याळाचा ठोका पडला की तळघरातल्या नोकरांपैकी कुणी तरी मरतं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. ही सगळ्यांत उत्तम, असं मी ऐकायच्या आधी दहा जणांकडून ऐकलं होतं. पारोळ्याला पोचायच्या आतच मनात नऊ ठरले होते. अजून दोन भाग बाकी. तो नऊ माझा नाहीच, उसना आहे. वहीत त्याच्याभोवती मी गोल केलाय. असे गोल एकतीस आहेत, मोजलेत.

पण उलटंही घडतं. कॉलिन बेकर हा डॉक्टर टीव्हीवर लोकांच्या मनातून उतरला होता, १९८६ मध्ये त्याला काढूनच टाकलं. सगळे सांगत होते, त्याच्या वाट्याला जाऊ नकोस. मी क्रमानं ऐकत होतो म्हणून तो टाळता आला नाही. २००० सालच्या ‘द मेरियन कॉन्स्पिरसी’त त्याला एक नवी सोबतीण मिळाली, एव्हलिन स्माइथ. पंचावन्न वर्षांची, इतिहासाची प्राध्यापिका. तरण्या पोरींऐवजी एक बाई, जी डॉक्टरला दटावते, थकते, चहा मागते. त्या दोघांच्या बोलण्यात तो पूर्वीचा उर्मट माणूस विरघळत जातो. हे निवडक ऐकणाऱ्याला मिळत नाही. त्याला तयार झालेला माणूस भेटतो; होताना दिसत नाही. पारायणाचा फायदा म्हणाल तर हा.

शंकेखोर : मग पारायणच कर ना! त्याला मी कुठं नको म्हणतोय? आकडा कशाला?

श्रोता : सात लिहिल्याशिवाय मला कळत नाही की मला सात वाटलं नव्हतं. लिहितो, आणि आतून कुणी तरी म्हणतं, ‘नाही रे.’ ते ऐकायला लिहितो. आणि मोजण्यानं वस्तूचा अपमान होतो हे तरी कुठं लिहिलंय? आपल्याच चाळीसगावजवळ पाटणला, तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, भास्कराचार्यांच्या नातवानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. तिथला शिलालेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळी मराठीत, आणि त्यांत काय? मठाला कुणी किती द्यायचं, त्याचा हिशेब. तेलाच्या घाण्यांनी किती तेल द्यायचं, तेसुद्धा. मोजून लिहून ठेवलं म्हणूनच शिकवणं चाललं.

शंकेखोर : तेल मोजलं, भो. सिद्धान्तशिरोमणीला दहापैकी किती, ते नाही कोरलं.

श्रोता : ...ते खरं. पण वही ठेवणाऱ्यांची दुसरी बाजू ऐका. बीबीसीनं ‘डॉक्टर हू’चे सुरुवातीच्या वर्षांतले कितीतरी भाग पुसून टाकले. टेप महाग, जागा कमी, पुन्हा दाखवायचा विचार नाही. १९६० च्या दशकातले नव्वदहून जास्त भाग चित्रासकट गेले. पण आवाज सगळ्यांचा शिल्लक आहे, एकूण एक भागाचा. का? घरोघरी काही पोरं टीव्हीपुढं टेपरेकॉर्डर ठेवून दर शनिवारी आवाज टेप करत होती. खोलीत कुणी खोकायचं नाही, आईनं हाक मारायची नाही. मालकाकडे नव्हतं ते या वेड्यांकडे मिळालं. तुमची ती डब्यातली श्रुतिका कुठं आहे आज?

शंकेखोर : कुठं नाही. टेपवर पुढं दुसरं काही तरी चढलं असेल. आमच्या घरीही कुणी ती टेप केली नव्हती. टेपरेकॉर्डर होता तो भावाच्या लग्नातल्या गाण्यांना. माझा यंत्रमानव आता फक्त माझ्या कानात आहे, तोही डब्याच्या आतल्या बाजूनं.

पण तुझ्या त्या पोरांकडे परत ये. तू त्यांना तुझ्या पंगतीला बसवून राहिला, आणि ती तुझ्या पंगतीची नाहीत. टेप त्यांनाही महाग होती ना? दहा-बारा वर्षांच्या पोराच्या खिशात किती पैसे असणार? आता समज, त्यातला एक जण तुझ्यासारखा गुण लिहीत होता. या शनिवारचा भाग रद्दी, तीन. पुढच्या शनिवारी नवी टेप नाही. मग तो काय करेल? तीनवाल्यावर नवा भाग टेप करेल. मीही केलं असतं. आज सगळ्याच्या सगळ्या भागांचा आवाज शिल्लक आहे, याचा अर्थ त्या पोरांनी बरं-वाईट ठरवलंच नाही, किंवा ठरवलं तरी हात आवरला. ज्यानं ठरवलं की काय ठेवायचं आणि काय पुसायचं, तो बीबीसीच्या ऑफिसात बसला होता. त्याच्याकडे असेल एखादी वही.

श्रोता : ही बाजू माझ्या डोक्यात आली नव्हती. माझ्या फोनमध्ये जागा भरली तेव्हा मी काय केलं, सांगू? पाचच्या खालच्या सगळ्या काढून टाकल्या. वही बघूनच.

शंकेखोर : ती ‘झोप’वालीसुद्धा?

श्रोता : ती नाही. तिला आकडाच नव्हता ना, म्हणून राहिली. पण आप्पा, एक सांगा. त्या पोरांनी टेप केलं, जपलं, सगळं मान्य. त्यांनी ते ऐकलं कसं? खोकायचं नाही, बटण केव्हा दाबायचं, टेप पुरेल का, यात त्यांचं अर्धं लक्ष. ठेवणारा निराळा आणि ऐकणारा निराळा असं असेल, तर ‘स्पेअर पार्ट्स’ची दारात आलेली मुलगी ठेवणाऱ्याला दिसते का? आकडा द्यायचाय म्हटल्यावर मी कान टवकारून बसतो. सत्तरावी, ऐंशीवी, रटाळ, सगळे डॅलेक एका सुरात ओरडताहेत. आकडा नसता तर मी गाडीत बसून गिऱ्हाइकांच्या उधारीचा विचार केला असता.

शंकेखोर : तू उधारीचा विचार केलासच असशील. वहीत लिहिलं नसशील, एवढंच. आणि मास्तर म्हणून सांगतो, परीक्षा आहे म्हटल्यावर पोरगं कान टवकारतं हे खरं, पण कशाला टवकारतं? परीक्षेत काय येईल त्याला. तुझे तोबघ मोजणारे कान तोबघच ऐकतात. कदाचित त्या एखाद्या ‘तो बघ’मध्ये नटाचा आवाज खरंच कापला असेल. तुझा एक गुण तिथं गेला आणि कंप निसटला. पण हेही आहे की मला हे नुसतं बसल्या जागी सांगता येतं. मी त्यातली एकही ऐकलेली नाही. एखादी लाव बरं.

श्रोता : मग ‘फ्लिप-फ्लॉप’ लावतो. २००३ ची, जोनाथन मॉरिस यांची. हिच्या दोन सीडी आहेत, एक काळी, एक पांढरी, आणि कोणतीही आधी ऐकली तरी चालते. एकीच्या शेवटाला दुसरीची सुरुवात सापडते. ज्यानं काळी आधी ऐकली त्याची गोष्ट वेगळी, पांढरी आधी ऐकली त्याची वेगळी. मी काळीपासून सुरुवात केली होती. साडेसहा दिले.

शंकेखोर : मग मी पांढरीपासून करतो. पण ते साडेसहा मला सांगून टाकलेस, ते आता कानातून कसे काढू?